नव्या गाडीची घडी कुणी मोडली?

साडीच्या दुकानात आपण काय करतो? दुकानदार एकामागून एक साड्या उलगडतो, खांद्यावर टाकून दाखवतो. आपण पदर बघतो, काठ बघतो, उलट्या बाजूचे धागेसुद्धा बघतो. साडी उलगडली म्हणून आपली तक्रार नसते. दाखवायची तर उलगडावी लागणारच. पण तीच साडी निऱ्यांच्या जागी चुरगळलेली दिसली, खालच्या काठाला धूळ लागलेली दिसली, तर आपण लगेच म्हणतो, "भाऊ, ही कुणीतरी नेसलेली दिसतेय. दुसरी काढा." साडी उलगडणं वेगळं आणि घडी मोडणं वेगळं. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता साडी दोन-चार हजारांची, आणि गाडी सहा-आठ लाखांची. पण गंमत बघा, गाडी घेताना हा चोखंदळपणा जातो कुठे? शोरूममध्ये गाडी चकचकीत कापडाखाली झाकून ठेवलेली असते. हार आणलेला असतो, पेढे असतात, चाकाखाली लिंबू ठेवलेलं असतं. ती भली मोठी पुठ्ठ्याची किल्ली हातात घेऊन सगळं घर फोटोला उभं राहतं. या गडबडीत स्टिअरिंगच्या मागे दिसणारा एक छोटासा आकडा कुणी वाचतच नाही. गाडी आजवर किती किलोमीटर चालली, हे सांगणारा ओडोमीटरचा आकडा. नवी गाडी उलगडून दाखवलेली आहे की कुणीतरी तिची घडी मोडली आहे, याची पहिली खूण तिथेच असते.

हल्ली तालुक्याच्या गावातही गाडी बाईच्या नावावर घेतली जाते. शिक्षिका, नर्स, बँकेत काम करणाऱ्या, स्वतःचं दुकान किंवा पार्लर चालवणाऱ्या कितीतरी जणी स्वतःच्या पगारातून हप्ते भरतात. भिशीचे पैसे, पतसंस्थेचं कर्ज, थोडं सोनं मोडून आलेली रक्कम असं सगळं त्या गाडीत गेलेलं असतं. पाच-सात वर्षं हप्ता जाणार असतो. म्हणूनच हा आकडा वाचायला आणि त्याचा अर्थ लावायला शिकायला हवं.

मीटरवर शून्य का नसतं?

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू या. नव्या गाडीच्या मीटरवर शून्य दिसत नाही, आणि दिसावं अशी अपेक्षाही नको. कारखान्यात गाडी तयार झाली की तिचे ब्रेक तपासतात, जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर चाकं पळवून बघतात, पाण्याच्या फवाऱ्याखाली धरतात, आवारातल्या रस्त्यावर थोडी फिरवतात. मग ती चालवत मोठ्या ट्रेलरवर नाहीतर रेल्वेच्या डब्यात चढवतात. उतरवली की पुन्हा चालवत गोदामाच्या मैदानात म्हणजे स्टॉकयार्डात नेतात. तिथून शोरूम, शोरूममधून पेट्रोल पंप, धुलाई, की पुन्हा शोरूम. प्रत्येक टप्प्याला दोन-चार किलोमीटर पडत जातात. ही झाली साडी उलगडणं. यात वावगं काहीच नाही.

मग किती चालेल?

गाडीच्या मीटरवर अमुकच किलोमीटर असावेत, असा आकडा आपल्या कायद्यात लिहिलेला नाही. त्यामुळे "कायद्याने शंभरपर्यंत चालतं" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी ते खरं मानू नका. पण व्यवहारात एक साधा हिशेब धरता येतो.

पन्नासच्या आतला आकडा असेल तर काही विचारायची गरज नाही. पन्नास ते शंभर असेल तर सहज विचारावं, उत्तर सहसा सरळ मिळतं. शंभरच्या वर गेला की कारण ऐकून घ्यावं आणि ते कागदावर मागावं. दोनशेच्या वर असेल आणि पटेल असं कारण कुणाला सांगता येत नसेल, तर ती गाडी घेऊ नये. दुसरी मागावी.

लहान गावात राहणाऱ्या आपल्यासाठी यात एक मेख आहे. शहरातल्या शोरूमला ट्रेलर दारापर्यंत येतो. आपल्या गावात असते ती त्या शोरूमची शाखा. गाड्या जिल्ह्याच्या ठिकाणी उतरतात आणि तिथून एकेक गाडी ड्रायव्हर चालवत आणतो. सोलापूरहून पंढरपूरला गाडी चालवत आणली तर पाऊणशे किलोमीटर वाढणारच. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला आणली तर साठेक, आणि पुण्याहून साताऱ्याला आणली तर शंभराच्या वर. म्हणून आपला हिशेब असा धरायचा : पन्नास, अधिक गाडी जिथून चालवत आणली तिथपासूनचं अंतर. पंढरपूरच्या शाखेत १२० आकडा दिसला तर तो समजण्यासारखा आहे. पण सोलापूरच्या मुख्य शोरूममध्येच १२० दिसला, तर मात्र विचारायला हवं.

म्हणजे प्रश्न आकडा लहान की मोठा, एवढाच नाही. प्रत्येक किलोमीटरचा हिशेब लागतो का, हा खरा प्रश्न आहे. दुधाच्या रतिबाचा हिशेब कॅलेंडरवर मांडणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही.

एवढं अंतर गाडी चालवत आणलेली नको असेल, तर बुकिंग करतानाच तसं सांगता येतं. "गाडी ट्रेलरवरून आणा, नाहीतर मी मुख्य शोरूममधून ताब्यात घेईन," असं बुकिंगच्या कागदावर लिहून घ्यावं.

घडी मोडण्याचे प्रकार

हिशेब न लागणारे किलोमीटर येतात कुठून? कधी शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी कमी पडते आणि विक्रीची गाडीच चार गिऱ्हाइकांना चालवायला दिली जाते. कधी कर्मचारी ती घेऊन कामाला जातात. कधी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी बाहेर काढलेली गाडी काही कारणाने परत आलेली असते. आणि कधी वाहतुकीत किंवा यार्डात गाडी ठोकलेली असते, मग दुरुस्त करून, रंग मारून पुन्हा रांगेत उभी केलेली असते.

आता खरं सांगायचं तर दीडशे-दोनशे किलोमीटरने आजकालचं इंजिन काही झिजत नाही. वॉरंटीचे किलोमीटर लाखाच्या घरात असतात, त्यातही फारसा फरक पडत नाही. मग एवढी चिकित्सा कशाला? कारणं तीन आहेत. एक, नवी गाडी पहिले हजारएक किलोमीटर जपून चालवावी, एकदम जोरात पळवू नये, असं गाडीसोबतच्या पुस्तकात सांगितलेलं असतं. टेस्ट ड्राइव्हला आलेला माणूस नेमकं उलटं करतो. क्लच दाबून धरतो, करकचून ब्रेक मारतो, पळवून बघतो. दोन, या हिशेबाबाहेरच्या किलोमीटरमागे एखादा अपघात दडलेला असू शकतो. आणि तीन, आपण किंमत कोऱ्या गाडीची मोजतोय. वापरलेली वस्तू वापरलेल्याच भावात मिळायला हवी.

टेस्ट ड्राइव्हसाठी ठेवलेली डेमो गाडी विकायला काहीच हरकत नाही. ती हजारो किलोमीटर चाललेली असते, बहुतेकदा शोरूमच्याच नावावर नोंदलेली असते आणि बऱ्यापैकी स्वस्तात मिळते. आरसी बुकावर आपण दुसऱ्या मालक म्हणून येतो. उघडपणे सांगून, कमी किमतीत दिली तर तो चोख व्यवहार झाला. लपवून दिली तर फसवणूक.

अमेरिकेत हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. तिथल्या क्रायस्लर या बड्या कंपनीचे अधिकारी नव्या गाड्या तपासण्यासाठी म्हणून घरी नेत, पण ओडोमीटरची जोडणी काढून ठेवत. म्हणजे गाडी चालायची, आकडा मात्र हलायचा नाही. अशा साठ हजारांहून अधिक गाड्या नव्या म्हणून विकल्या गेल्याचं १९८७ साली बाहेर आलं. काही गाड्यांना तर या फेऱ्यांमध्ये अपघातही झाले होते. प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांना पत्रकारांसमोर येऊन जाहीर माफी मागावी लागली. गाड्या तपासून बघण्यात चूक नव्हती, चूक होती ती आकडा लपवण्यात. आपल्या गावातल्या शोरूमलाही हीच फूटपट्टी लावायची.

आकडा कमी, तरी गाडी शिळी

आता याची दुसरी बाजू. मीटरवर फक्त बारा किलोमीटर आहेत म्हणून हरखून जाऊ नका. बारा किलोमीटर चालून ती गाडी दहा महिने यार्डात उन्हापावसात उभी असेल तर? उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दाबले जातात, रबराचे भाग कडक होतात, उंदीर वायरी कुरतडतात. बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीलाही फार दिवस उभं राहणं मानवत नाही. शिवाय पुढे विकताना गाडीचं वय धरलं जातं ते ती बनली त्या सालापासून.

म्हणून किलोमीटरच्या जोडीला गाडीचा जन्ममहिना विचारायचा. शोरूम जो विक्रीचा दाखला देतं, त्याला फॉर्म २१ म्हणतात. त्यात गाडी कुठल्या महिन्यात आणि साली बनली ते लिहिलेलं असतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी बनलेली गाडी मिळणं नेहमीचंच आहे. गेल्या सालातली असेल तर मात्र किंमत त्या मानाने उतरायला हवी. वर्षअखेरीला जी भरघोस सूट जाहीर होते, तिच्यामागे बऱ्याचदा हेच असतं. सूट जरूर घ्या, पण कशाबद्दल मिळतेय ते कळून घ्या.

टायरवरही एक खूण असते. बाजूला कोरलेल्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. १४२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. टायर गाडीपेक्षा एक-दोन महिने आधीचा असणारच. पण एक टायर वेगळ्याच सालातला निघाला, तर तो का बदलला ते विचारा.

बघायचं कधी?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. मीटर बघायचं ते हार घालायच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. एकदा गाडी आपल्या नावावर नोंदली गेली की ती कागदोपत्री आपली झाली. मग "ही नको, दुसरी द्या" म्हणणं फार कठीण जातं, कारण परत घेतलेली गाडी शोरूमला नवी म्हणून विकता येत नाही. नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरती झाल्याशिवाय, गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नये असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियमच आहे. म्हणजे किल्ली हातात येते तोवर वेळ निघून गेलेली असते. एरवी "पासिंग झाल्यावर बघू" म्हणायची सवय असते, ती इथे उपयोगाची नाही.

तेव्हा क्रम असा ठेवायचा. बुकिंग केलं, शोरूमने "गाडी आली" असा फोन केला, की आधी त्या गाडीचा चेसिस नंबर मागायचा. हा सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. मग दिवसाउजेडी यार्डात जाऊन तीच गाडी बघायची. संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात रंगातला फरक कळत नाही. पसंत पडली की मग उरलेले पैसे, विमा आणि नोंदणी. बिलावर तोच चेसिस नंबर आहे ना, हे अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. बघितली एक आणि मिळाली दुसरी, असं व्हायला नको.

मीटर बघतानाही एक युक्ती लक्षात ठेवा. बहुतेक गाड्यांत दोन प्रकारचे आकडे असतात. एक ओडोमीटर, म्हणजे एकूण किलोमीटर. दुसरा ट्रिप मीटर, तो बटण दाबलं की शून्यावर येतो. पडद्यावर 'ट्रिप' असं लिहिलेलं असेल तर ते शून्य काही खरं नव्हे. बटण दाबून एकूण आकडा आणायला सांगा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. फोटोत तारीख आपोआप नोंदली जाते.

आणि आकड्यावरच विसंबून राहू नका. सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरं आहेत का? पायाखालच्या पॅडलचं रबर घासलेलं आहे का? नव्या टायरला बारीक रबरी केस असतात, ते शिल्लक आहेत का? बॉनेट आणि दारांच्या नटबोल्टवरचा रंग खरवडलेला आहे का? आकडा तीस सांगतोय आणि पॅडल घासलेलं, तर काहीतरी गडबड आहे. जमलं तर ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याचे दोनशे-चारशे रुपये वसूल होतात.

विचारायचं कसं?

"एवढं विचारलं तर शोरूमवाला काय म्हणेल?" ही आपली नेहमीची भीती. शिवाय पैसे आपले असले तरी सेल्समन बोलतो सोबतच्या पुरुषाशी. तिथे शांतपणे सांगावं, "गाडी माझ्या नावावर होणार आहे, मला सांगा." आवाज चढवायची गरज नाही. भाजीवाल्याकडे करतो तेवढीच विचारपूस करायची.

"दादा, मीटरवर १८६ किलोमीटर दिसतायत. एवढे कसे?"

"ताई, एवढं असतंच हो. यार्डातून आणली ना."

"यार्ड कुठं आहे?"

"बायपासला. दहाएक किलोमीटर असेल."

"मग बाकीचे कुठले?"

इथे दोन गोष्टी होऊ शकतात. कारण खरं असेल तर तो रजिस्टर काढून दाखवेल, की गाडी अमक्या तारखेला जिल्ह्याहून चालवत आणली. नसेल तर "मॅनेजरना विचारतो" म्हणून आत जाईल. दोन्ही वेळा आपण एकच म्हणायचं, "हे मला शोरूमच्या कागदावर शिक्का मारून लिहून द्या." लिहून द्यायची तयारी असली तर निम्मी शंका तिथेच मिटते. टाळाटाळ झाली तर गाडी बदलून मागायची.

मुहूर्ताचं दडपण हाही एक मोठा भाग आहे. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी आली की शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. "ताई, आज हीच आहे, नाहीतर थेट पुढच्या महिन्यात," असं सांगितलं जातं. गाडी बघायला आठ दिवस आधीच गेलेलं असलं की हे ऐकून घ्यावं लागत नाही.

आकडा पटला नाही तर?

पैसे पूर्ण भरायच्या आधी असेल तर सोपं आहे. दुसरी गाडी मागा किंवा बुकिंग रद्द करा. तीच गाडी घ्यायची ठरवली, तर सूट, एखादी जादा सर्व्हिस किंवा वाढीव वॉरंटी मागायला काहीच संकोच नको. मात्र जे ठरेल ते बिलावर किंवा शोरूमच्या पत्रावर लिहून घ्या.

गाडी घरी आल्यावर लक्षात आलं तर? आधी शोरूमला लेखी तक्रार, तिची प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीला. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. वापरलेली किंवा जुनी वस्तू नवी असल्याचं खोटं सांगून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. या कायद्यात आपल्या सोयीची गोष्ट म्हणजे शोरूम कुठल्याही शहरात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांच्या वस्तूला २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची. पण तिथे बोलतो तो कागद. म्हणून तर तो मीटरचा फोटो आणि ती शिक्क्याची चिठ्ठी.

शोरूमला जाताना पर्समध्ये ठेवा

– चेसिस नंबर आधी मागा, गाडी नंतर बघा.
– नोंदणी आणि पूर्ण पैसे भरण्याआधी, दिवसाउजेडी गाडी तपासा.
– ट्रिप नव्हे, एकूण किलोमीटर बघा. फोटो काढा.
– पन्नास अधिक चालवत आणल्याचं अंतर, हा हिशेब घाला.
– जादा किलोमीटरचं कारण शिक्क्यासह लेखी घ्या.
– गाडी बनल्याचा महिना आणि टायरवरचे आकडे बघा.
– ताब्यात घेण्याच्या दिवशी आकडा पुन्हा वाचा. मधल्या दिवसांत फार वाढला असेल तर विचारा.
– आरसी आल्यावर आपण पहिल्या मालक आहोत ना, ते तपासा.

मैत्रिणींनो, गाडीचं यंत्र कळायला इंजिनिअर व्हावं लागेल कदाचित, पण आकडा वाचून "हे कुठून आले?" एवढं विचारायला काहीच शिकावं लागत नाही. घरखर्चाच्या वहीत आपण पै-पैचा हिशेब लिहितो. त्याच वहीत गाडीसाठी एक कोरं पान काढा. पहिल्या ओळीत तारीख आणि मीटरचा आकडा लिहा, आणि मगच हार घाला. पाच मिनिटांनी मुहूर्त काही टळत नाही.